बुडालेल्या जहाजावरचे लोणचे

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार पुष्कळ प्रवास केलेल्यांनाच असतो, अशी माझी आजवरची समजूत होती आणि ती मला सोयीचीही होती. माझी सारी नोकरी महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात गेली. समुद्राला संस्कृतात किती नावे आहेत हे मी वर्षानुवर्षे मुलींकडून पाठ करून घेतले. स्वतः समुद्र मात्र साठी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. बुऱ्हाणपूरकडच्या माणसांना त्याची फारशी खंतही वाटत नाही. आमच्याकडे तापी आहे, आणि श्रावणात ती घाटाच्या पायऱ्या गिळू लागली की याहून अधिक पाणी कशाला हवे, असेच सर्वांना वाटते.

तेव्हा गेल्या हिवाळ्यात मी शाहपूरहून गुहागरला जाऊन आले, ही गोष्ट छापण्याजोगी आहे की नाही याविषयी मी अजूनही साशंक आहे. परंतु माईंचा हुकूम आहे, आणि त्यांचा हुकूम मोडण्याचे धैर्य मला या वयातही गोळा करता आलेले नाही.

शाहपूर

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय नव्वदीला टेकलेले, कान-डोळे शाबूत, आणि आवाज केळीच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गड्याला परत बोलावणारा. आमच्या भागात त्यांना ‘जहाजवाल्या माई’ म्हणतात. त्यांचे वडील आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेत कारकून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आई, वडील आणि सहा वर्षांच्या माई मुंबईकडे परत येत असताना शत्रूच्या पाणबुडीने त्यांचे जहाज बुडवले. जहाजाचे नाव माईंना आठवत नाही. त्या ‘आमचं जहाज’ असे म्हणतात, जणू सातबाऱ्यावर नाव लागलेले असावे.

ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात प्रथम ऐकली, आणि पुढे इतक्या वेळा ऐकली की आता मला ती अध्यायवार सांगता येईल. पहाटे मोठा आवाज झाला. लोक जिन्यावरून वर धावले. हाताला लागेल ते प्रत्येकाने उचलले होते. एका बाईने ट्रंकांच्या किल्ल्यांचा जुडगा आणला. ट्रंका तळाला गेल्या, किल्ल्या वाचल्या. एक शेटजी छत्री घेऊन आले आणि होडीत बसल्याबरोबर त्यांनी ती उघडली. माईंच्या आईने कैरीच्या लोणच्याची बरणी उचलली. “मला बाबांनी उचललं म्हणून बरं,” माई सांगतात, “आईचे हात तर भरलेलेच होते.”

होडीचा कारभार एका तांडेलाकडे होता. त्याने बरणी पाहिली मात्र, आणि ती समुद्रात फेकायला सांगितली. पिण्याचे पाणी मोजके, वर कोणी खारट खाल्ले तर तहानेने जीव जाईल, हे त्याचे म्हणणे बिनचूक होते. माईंच्या आईचे म्हणणे असे होते, की खाणार नाही, पण टाकणारही नाही. शेवटी तडजोड झाली. बरणी तांडेलाच्या मांडीशी राहील. जहाजाची ती दगडासारखी बिस्किटे वाटायची वेळ झाली, की बरणीच्या तोंडावरचे फडके सुटेल आणि प्रत्येकाला एकेक वास मिळेल. पाळी सर्वांत लहानापासून सुरू व्हायची. “माझ्या आधी एक शेंबडी पोरगी होती,” येथे माईंचा स्वर अजूनही तापतो, “ती बरणी सोडायचीच नाही. मी म्हणायची, आता सोड की! तरी नाही.” कित्येक दिवसांनी दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचलले, गरम भात दिला, आणि तेव्हा कुठे ते लोणचे पानात पडले. बरणी बोटांनी पुसून स्वच्छ झाली.

त्यावरून माईंच्या माहेरी जी रीत पडली, ती त्यांनी शाहपूरला आणली. लोणच्याची नवी बरणी फोडली, की घरातल्या सर्वांत लहान माणसापासून सुरुवात करून आधी सगळ्यांनी वास घ्यायचा. नंतर ताटात. मी ही रीत चाळीस वर्षे पाळली आहे आणि, हे माईंनी वाचले तरी चालेल, मनातून हसत पाळली आहे.

माझे यजमान तर उघडच हसतात. ते केळीचे बागायतदार आहेत आणि पुराव्याशिवाय व्यापाऱ्याचाही शब्द घेत नाहीत. “जहाज बुडालं, मानलं,” ते म्हणतात. “होडी, तीही मानली. पण बरणी म्हणजे आईची फोडणी आहे. मतलब, प्यायला पाणी नाही आणि लोणच्याचा वास देऊन राहिले? तोंडाला पाणी नाही सुटणार?”

“सुटायलाच पाहिजे होतं ना रे,” माई म्हणतात. “नाही तर ते वाळकं बिस्किट गिळू कशी?”

हा संवादही अध्यायवार ठरलेला आहे. त्यात कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता आणि कोणी दुखावत नव्हते, अशी माझी कल्पना होती.

मग दिवाळीला इंदूरहून आमची नात आली. तिने पणजीला विचारले, “बरणीचा कलर कोणता होता?” माई म्हणाल्या, तपकिरी. दुसऱ्या दिवशी पोरीने पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाल्या, पांढरी. पोर हसली, आम्हीही हसलो. माई हसल्या नाहीत. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी जहाजाचे नावच काढले नाही. एके दुपारी मी वाती वळत असताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

“शालिनी, एक सांगू? मला बरणी दिसत नाही आता. मी सांगते तेवढंच दिसतं. कोण जाणे, खरी होती की मीच सांगून सांगून उभी केली.”

मी वळलेली वात उलगडून पुन्हा वळायला घेतली.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिची बँकेतली बदली गुहागरला झाली होती. तिच्या घरमालकीणबाईंच्या सासूबाई, इंदूताई, लहानपणी मोंबासाहून येताना बुडालेल्या जहाजातून वाचल्या होत्या. “मॅडम, तुमच्या सासूबाईंची गोष्ट तुम्ही वर्गात सांगायचात ना, तसंच काहीतरी!”

मी ही बातमी जपून, प्रस्तावना करून सांगणार होते. पण माई पहिल्याच वाक्याला उठल्या आणि पेटीतून शाल काढू लागल्या. यजमान म्हणाले, “आई, या वयात?” माई म्हणाल्या, “मग कोणत्या?” यजमानांची केळी कापणीला आलेली, गाड्या ठरलेल्या, त्यांना निघणे शक्य नव्हते. सोबत म्हणून ‘मॅडम’ जातील असे ठरले. घरात मला मॅडम म्हणतात ते केवळ एखादे अवघड काम माझ्या गळ्यात घालताना.

निघण्यापूर्वी माईंनी मला नियम घालून दिला. “इंदूला बरणीचं काही सांगायचं नाही. सुचवायचंही नाही. तू परीक्षेत पोरींना उत्तरं सांगत होतीस का? नाही ना? बस, तसंच. तिच्या तोंडून आपसूक निघालं, तर खरं.”

घडासह रेल्वेत

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही, हे सर्वत्र आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ केळीचा घड असा होतो. बुऱ्हाणपूरच्या बाजारातून मी दराबा घेतला होता. साखर, तूप आणि रवा घोटून घोटून पांढराशुभ्र केलेला हा आमचा मानाचा गोड पदार्थ, आणि माझ्या मते तो पुरेसा होता. यजमानांनी तरीही ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक प्रचंड घड आमच्या डब्यात चढवला. हिरवागार, लाकडासारखा कडक. बागायतदार पिकलेले केळे कधीच भेट देत नाही. त्यात त्याला आपल्या शेतीचा अपमान वाटतो. माल असा हवा, की पाहुणा परतल्यावर त्या घरी सावकाश पिकेल आणि घरच्यांना पाहुण्याची आठवण होईल.

कोकणात घरोघरी परसात केळी असतात, हे मला ठाऊक होते. सांगायचे राहून गेले.

घड खालच्या बाकावर झोपला, माई समोरच्या, मी वरच्या. तिकीट तपासनिसाने गोणपाटाकडे बोट दाखवून विचारले, “यह कौन सो रहा है?” मी शब्द जुळवीत होते, तोच माई म्हणाल्या, “नातू आहे. उठवू नका.” तो हसत पुढे गेला. नव्वदीच्या बाईला जे शोभते त्यातले निम्मेही मला या जन्मी साधायचे नाही.

कल्याण, पनवेल, चिपळूण येथे गाड्या बदलण्याचा वृत्तान्त वाचकांवर लादत नाही. एवढेच सांगते, की बोगद्यामागून बोगदे येऊ लागले तेव्हा माईंनी खिडकी सोडली नाही. आमच्याकडे जमीन दूरवर सपाट पसरलेली. केळीच्या रांगा, कापूस, मध्येच एखादी मोटारपंपाची खोली. येथे प्रत्येक वळणावर डोंगर आडवा. “शेती कुठी करतात व हे लोक?” माईंनी विचारले. “उभ्यानं?”

गुहागर

इंदूताईंचे घर नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. लाल चिऱ्यांचे जोते, शेणाने सारवलेले अंगण, आणि आल्याबरोबर पायांवर गरम पाणी. इंदूताई माईंहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे जहाजावर त्या चार वर्षांच्या. चणीने चिमणीएवढ्या. त्यांच्या सूनबाई वृंदावहिनी, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या घरमालकीणबाई, साधारण माझ्याच वयाच्या; विद्यार्थिनी स्वतः नेमकी बँकेच्या कामाने बाहेरगावी होती. त्यांनी गोणपाट सोडले, घड पाहिला आणि सौजन्याने म्हणाल्या, “अय्या, केळी! आमच्याकडे लागतातच हो.” परसात चार घड लटकलेले मला त्यांच्या खांद्यावरून दिसत होते.

दुपारच्या पानात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी, आणि एक पिवळसर, ओले खोबरे घातलेली भाजी. माईंनी एक घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

“हे काय आहे?”

“तुमचीच केळी हो,” वृंदावहिनी उत्साहाने म्हणाल्या. “कशी छान कच्ची मिळाली. उद्या कापं करते.”

“अव माय!” माई माझ्याकडे वळल्या. “फळ चिरलं हिनं!”

आमच्या घरी केळे ही नगदी पिकाची इज्जत आहे. ते चिरून फोडणीत पडलेले पाहणे म्हणजे, कसे सांगू, लग्नातला नवरदेव पंगतीत वाढप करताना पाहण्यासारखे. मी दोनदा भाजी मागून घेतली. ती फारच उत्तम झाली होती, आणि हे मी शाहपूरला अद्याप सांगितलेले नाही.

जेवणानंतर दोन्ही वृद्धा ओटीवर समोरासमोर बसल्या. मी पर्यवेक्षकाच्या जागी, म्हणजे भिंतीशी.

“तुमचं जहाज कसं होतं?” माईंनी सुरुवात केली.

“पांढरं शुभ्र हो. बगळ्यासारखं.”

“आमचं तर काळं होतं. तव्यासारखं.”

“काळं नव्हे गो! मी पाहिलंय ना.”

“मग मी काय डोळे मिटून बुडाले?”

पुढचा तासभर असाच गेला. इंदूताईंना एक पेटी आठवत होती. गाण्याची पेटी, पाण्यावर तरंगत चाललेली आणि लाटेगणिक सूर काढणारी. त्यांना पिंजऱ्यातला पोपट आठवत होता. वडिलांच्या कोटाचे ओले बटण आठवत होते. छत्री? छत्री नव्हती. किल्ल्यांची बाई? आठवत नाही हो. माई प्रत्येक प्रश्न बरणीच्या जवळ नेत होत्या आणि उंबऱ्याशी आणून सोडत होत्या.

“आणि खायला काय होतं होडीत?”

“बिस्किटं असतील. आई म्हणायची, बिस्किटं होती.”

“नुसती?”

“नुसतीच की. आणखी काय असणार?”

मला राहवले नाही. “म्हणजे, तोंडी लावायला वगैरे...” एवढेच मी म्हणाले असेन. माईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तेथे जांभळे चंद्रबिंब उमटले होते. नोकरीच्या सबंध काळात माझ्यावर गैरप्रकाराचा आरोप कधी आला नव्हता.

किनाऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदावहिनींनी आम्हांला समुद्रावर नेले. वाडी संपली, सुरूची झाडे लागली, आणि मग एकाएकी पुढे काहीच उरले नाही. पाठ करून घेतलेल्या त्या सर्व नावांपैकी एकही मला त्या क्षणी आठवले नाही. मी फक्त “बापरे” म्हणाले. ते संस्कृत नाही.

माईंसाठी खुर्ची आणली होती. त्यांनी ती ओल्या रेतीपासून दूर ठेवायला लावली, पदर सावरला आणि ऐंशीहून अधिक वर्षांनी समुद्राकडे पाहिले. मला वाटले, आता त्या रडतील. मी रुमालही काढून ठेवला.

“बसलाय मेला,” माई म्हणाल्या, “आमच्या बाबांची ट्रंक घेऊन.”

मी धीर करून घोटाभर पाण्यात गेले. लाट ही पुस्तकात वाचण्याची वस्तू आहे, असे मानणाऱ्यांपैकी मी एक. परतताना ती पायाखालची रेती नेते, हे कोणी सांगितले नव्हते. मी डळमळले, आणि काठाशी काढून ठेवलेल्या माझ्या चपलांपैकी एक डोळ्यांदेखत निघाली. मी दुसरीवर झडप घातली. ती हातात उंच धरून, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, अशी मी माईंसमोर येऊन उभी राहिले, तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या.

“अश्शीच!” त्यांना धाप लागली. “अश्शीच माणसं होती होडीत! एकेक चप्पल घेऊन!”

हसणे ओसरल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिले. वृंदावहिनी शंख वेचायला पुढे गेल्या होत्या.

“ही वेगळ्याच जहाजावरची आहे, शालिनी.”

“असे कसे म्हणता? चार वर्षांचे मूल. काय आठवणार?”

“पेटी आठवते ना तिला. पोपट आठवतो. मग बरणी कशी नाही आठवत?” त्यांनी काठीच्या टोकाने रेतीत एक गोल काढला. “राहू दे. घरी सांगू नको त्याला.”

“ते हसायचे नाहीत, माई.”

“तेच म्हणते. हसला तर चालेल व. तो म्हणेल, असू दे, आई. असू दे म्हटलं की माणूस संपला.”

मी एका पायात चप्पल घालून त्यांचा हात धरला आणि आम्ही घरी आलो. संध्याकाळी माई इंदूताईंशी कुळीथ आणि तूर यांवर बोलल्या. जहाजाचा विषय त्यांनी काढला नाही. इंदूताईंनाही ते जाणवले असावे. “दमल्यात हो त्या,” असे त्या दोनदा म्हणाल्या.

निरोपाचे जेवण

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघणार होतो. वृंदावहिनींनी आंबोळ्या केल्या होत्या, आणि दराब्याची वाटी प्रत्येक पानाशी ठेवली होती. (दराबा पाहून इंदूताईंनी “हे लोणी की पीठ?” असे विचारले होते, आणि चाखल्यावर विचारायचे थांबल्या होत्या.) आम्ही चौघी पाटांवर बसलो.

“दोन दिवस तुम्हांला लोणच्याशिवाय जेवू घातलं,” वृंदावहिनी संकोचाने म्हणाल्या. “जुनं संपलं होतं आणि नवी बरणी फोडायला मुहूर्तच लागेना. आज काढते.”

त्या आतून बरणी घेऊन आल्या. आमच्याकडे आता सगळ्या बरण्या काचेच्या. ही जुन्या पद्धतीची, चिनी मातीची, तोंडाला फडके बांधलेली. मी पान पुढे सरकवले. पण वृंदावहिनी वाढायला वाकल्या नाहीत. बरणी हातात धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि फार अवघडून म्हणाल्या,

“एक विचारू? राग मानू नका. तुमचं वय काय?”

मी गोंधळले. तीन दिवसांत मी कोणाला साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि जेवणाच्या पानावर मला हे विचारले जात होते. मी वर्ष सांगितले.

“अय्या, माझंही तेच! महिना?”

“आषाढ,” मी म्हणाले.

“मी मार्गशीर्षातली. म्हणजे मीच धाकटी.” त्या सुटल्यासारख्या हसल्या, फडके सोडले, बरणी स्वतःच्या नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मग ती माझ्यासमोर धरली. “आता तुम्ही.”

मी वास घेतला. मोहरी, हिंग, कैरी. चाळीस वर्षांच्या सवयीने माझे डोळे मिटले, आणि मग ते एकदम उघडले. मी माईंकडे पाहिले. माई पाटावर ताठ झाल्या होत्या.

मी बोलले नाही. इतकी वर्षे मुखदुर्बळ म्हणून घेतलेले सगळे टोमणे त्या क्षणी सत्कारणी लागले.

“हे काय करता?” माईंनी विचारले. आवाज अगदी साधा होता.

“आमच्याकडे रीत आहे हो,” इंदूताई म्हणाल्या. “बरणी फोडली की आधी सगळ्यांनी वास घ्यायचा. लहानापासून. मग ताटात.”

“कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? माझी आई करायची. मी सासरी आणली. घरचे हसायचे, पण मी काही सोडली नाही. आण गो वृंदा इकडे.”

बरणी माझ्याकडून इंदूताईंकडे गेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, नाक आत घातले, आणि श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. त्यांच्यानंतर माईंची पाळी होती. माईंनी हात पुढे केले होते. इंदूताईंचे डोळे मिटलेले. तिसरा श्वास झाला.

“आई, पुरे हो,” वृंदावहिनी माईंकडे पाहून ओशाळल्या. “दर वेळी अस्संच. एकदा धरली की सोडत नाहीत.”

माईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो नव्वदीचा नव्हता.

“आता सोड की!”

इंदूताईंनी दचकून बरणीतून नाक काढले. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. बरणी मध्ये, चार सुरकुतलेल्या हातांत.

“शेंबडी!” माई म्हणाल्या. “तूच ती शेंबडी!”

“कोण मी?” इंदूताई म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू पालटला. “नाक गळायचं हो माझं. आई सांगायची. सारखं गळायचं.”

मग माईंनी सगळी गोष्ट सांगितली. आई, तांडेल, मांडीशी ठेवलेली बरणी, पहिला वास कोणाचा आणि दुसरा कोणाचा. इंदूताई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. बरणी त्यांना आठवली नाही. शेवटपर्यंत आठवली नाही. त्यांना फक्त एवढेच कळले, की आपली आई होडीतल्या कोणत्या तरी बाईचे आभार वर्षातून एकदा मानत होती आणि ते कोणाला सांगत नव्हती. त्यांनी पदराने डोळे पुसले. नंतर, माई तेथे होत्या म्हणून, नाकही.

आंबोळ्या गार झाल्या. माईंनी बरणी मांडीवर घेतली होती आणि तिच्यावरून बोट फिरवीत होत्या. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरा, जशा जुन्या बरण्या असतात.

“दोन्ही,” त्या मला म्हणाल्या. “पोरीला मी दोन्ही खरं सांगितलं होतं. दिसली, शालिनी.”

त्यांनी वास घेतला. इंदूताईंहून जास्त वेळ. कोणीही ‘सोडा’ म्हणाले नाही.

परत शाहपूर

बुऱ्हाणपूर स्टेशनवर यजमान आले होते. माईंनी गाडीतून उतरताच त्यांना काही सांगितले नाही. उलट, केळीची गाडी काय भावाने गेली ते विचारले. सांगायचे काम माझ्यावर होते. मी वयाच्या प्रश्नापासून सुरुवात केली, वाटेत दोनदा अडखळले, तरी शेवटपर्यंत पोहोचले. यजमानांनी मोटार रस्त्याच्या कडेला घेतली.

“मतलब,” त्यांनी आरशातून मागे पाहिले, “खरंच होतं?”

“तुला काय, फोडणी वाटत होती ना,” माई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या.

त्यांनी मोटार पुन्हा रस्त्यावर घेतली. ‘असू दे, आई’ असे ते म्हणाले नाहीत.

आठवड्याभराने गुहागरहून फोन आला. आमच्या घडाच्या उरलेल्या साऱ्या फण्या एकाच दिवशी पिकल्या होत्या, आणि वृंदावहिनी वाडीत घरोघरी केळी वाटत हिंडत होत्या. “काय गोडी हो!” त्या म्हणाल्या. “आणि आम्ही भाजी केली!” यजमानांनी हा फोन दोनदा माझ्याकडून ऐकला.

आता रोज संध्याकाळी माई आणि इंदूताई फोनवर भांडतात. जहाज काळे होते की पांढरे, हे ठरायचे आहे. खाली काळे आणि वर पांढरे असू शकेल, असे मी एकदा हळूच सुचवून पाहिले. ते दोघींनीही एकमताने फेटाळले.

आणि माईंच्या गोष्टीत भर पडली आहे. परवा इंदूताईंनी पाठवलेली लोणच्याची बरणी आम्ही फोडली. घरात आम्ही तिघेच, म्हणून पहिला वास माझा झाला. बरणी यजमानांकडे गेली. इतकी वर्षे ते “हो, घेतला, घेतला” म्हणून ती पुढे ढकलत. या वेळी त्यांनी ती धरून ठेवली. माई दारातून डोकावलेल्या शेजाऱ्यांच्या सुनेला सांगत होत्या, “...आणि पाण्यावर गाण्याची पेटी तरंगत चाललेली, लाट आली की सूर निघायचा...”

यजमानांनी बरणीतून डोके वर काढले. “आई, ही पेटी आधी नव्हती.”

“होडीत तू होतास?”

“नाही.”

“मग,” माईंनी हात पुढे केले, “आता सोड की.”